विश्लेषण : औषधाविना जिवाणूंचा खात्मा? ग्राफीन नेमके काय करते...

मास्क, कपडे, पाण्याचे फिल्टर यांच्या जाहिरातींत ‘ग्राफीनमुळे जिवाणूंचा नाश’ असा दावा दिसू लागला आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढत असताना असा दावा कुणालाही भावेल. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये अशा जिवाणूंच्या संसर्गामुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. ग्राफीन जिवाणूंना मारू शकते, हे खरे. पण प्रत्येक वेळी नाही. ते कसे, हे समजून घेऊ.

नवी औषधे पुरेशी नाहीत का?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत ‘वोक्हार्ट’चे संशोधन केंद्र आहे. या कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील प्रतिजैविक केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केले. सरकारच्या माहितीनुसार त्यामागे १४ वर्षांचे संशोधन आणि ५०० कोटी रुपयांची गुंतवणूक आहे.

बहुतेक प्रतिजैविके कुलपात किल्ली बसावी तशी जिवाणूच्या एका ठरावीक भागाला चिकटतात. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला पकडते. जिवाणूने तिथे छोटासा बदल केला की किल्ली लागत नाही. असा बदल झालेल्या रायबोसोमलाही पकडता यावे, अशी नॅफिथ्रोमायसिनची रचना आहे. थोडक्यात, कुलूप बदलले की नवी किल्ली घडवायची आणि त्यात दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणूनच कुलपाच्या भानगडीत न पडता थेट भिंत फोडणारे पदार्थ संशोधक शोधत आहेत. ग्राफीन हा त्यापैकी एक.

ग्राफीन म्हणजे काय?

पेन्सिलीतले ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. त्यातला एका अणूएवढ्या जाडीचा एकच थर म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो वेगळा केला. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या थराची जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर, तर ई. कोलाय जिवाणूची लांबी सुमारे २ हजार नॅनोमीटर. जिवाणूंवरील प्रयोगांत बहुधा ‘ग्राफीन ऑक्साइड’ वापरतात. त्यात ऑक्सिजनचे गट जोडलेले असल्याने ते पाण्यात सहज मिसळते.

जिवाणू कसा मरतो?

• कापणे : थराची धारदार कड जिवाणूच्या आवरणात घुसते आणि आतील द्रव्य बाहेर गळते.
• ओढून काढणे : जिवाणूचे आवरण मेदाच्या रेणूंचे असते. ग्राफीन हे रेणू स्वतःकडे खेचून घेते, असे २०१३ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’तील संशोधनात दिसले.
• ऑक्सिडेशनचा ताण : जिवाणूतील आवश्यक रेणूंचे ऑक्सिडेशन होऊन त्याची यंत्रणा कोलमडते.
• गुंडाळणे : मोठे थर जिवाणूला वेढतात, त्यामुळे त्याचे पोषण थांबते.

आवरणाची सगळी रचना बदलणे जिवाणूसाठी एखादा रेणू बदलण्यापेक्षा अवघड असते. त्यामुळे प्रतिरोध सहज तयार होणार नाही, अशी अपेक्षा आहे. मात्र ती अपेक्षा आहे, हमी नव्हे.

प्रत्येक प्रयोगात असेच घडते का?

नाही. २०१० मध्ये शांघायमधील संशोधकांनी ग्राफीन ऑक्साइडचा जिवाणूरोधक कागद तयार केला. पण २०११ मध्ये ‘एसीएस नॅनो’ या त्याच नियतकालिकात उलटा निष्कर्ष आला. पोषक द्रवात ग्राफीन ऑक्साइड मिसळल्यावर ई. कोलाय मरण्याऐवजी अधिक वेगाने वाढले! पुढील अभ्यासांतून यामागचे एक कारण समजले. द्रवातील पोषक घटक थरावर चिकटले की जिवाणूशी त्याचा थेट संपर्क होत नाही आणि मारक क्षमता घटते. थरांचा आकार, शुद्धता, प्रमाण आणि ते उभे आहेत की आडवे, यानुसारही परिणाम बदलतो.

उपयोग कुठे होईल?

सध्या सर्वाधिक आशा पृष्ठभागांवरील लेपाबाबत आहे. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी ग्राफीनच्या उभ्या पात्यांचा थर तयार केला. जिवाणू साधारण १ मायक्रोमीटरचा, तर माणसाची पेशी सुमारे २५ मायक्रोमीटरची. जिवाणूसाठी जो घातक वार, तो पेशीसाठी ओरखडा ठरतो.

धोका काय?

कॅनडाच्या आरोग्य विभागाने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीन असलेले मास्क न वापरण्याचा इशारा दिला. ग्राफीनचे कण श्वासावाटे फुप्फुसात जाण्याची भीती होती. तपासणीत घातक ठरेल इतके कण सुटत नसल्याचे दिसल्यावर जुलैमध्ये काही मॉडेल्सना पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे धोका वस्तूगणिक तपासावा लागतो.

ग्राहकांनी काय पाहावे?

• चाचणी कोणत्या जिवाणूवर आणि कोणत्या प्रयोगशाळेत झाली?
• चाचणी तयार वस्तूची झाली की फक्त कच्च्या मालाची?
• धुतल्यावर किंवा घासल्यावर लेप टिकतो का?

यांची उत्तरे नसतील, तर ‘ग्राफीन’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ग्राफीन हे प्रतिजैविकाला पर्याय म्हणून घेण्याचे औषध नाही. संसर्ग झाल्यावर डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करणे आणि उरलेल्या गोळ्या मनाने न घेणे, हाच चिकलठाण्यात असो वा अन्यत्र, नव्या औषधांची धार टिकवण्याचा मार्ग आहे.