घराचे रंग – लेखांक ९ : हिरवा, पण किती हिरवा?

दोन वर्षांपूर्वी आईच्या खोलीला रंग काढायचा होता. कोणता हवा, असं विचारल्यावर तिने स्वयंपाकघरातून नुकता सोललेला दुधी आणून दाखवला. सालीच्या लगेच खाली जो फिकट, दुधाळ हिरवा असतो ना, तो. शेड कार्डावर तसा चौकोन सापडला. कोड लिहून दिला, दुकानदाराने मशीनवर रंग मिसळून दिला, दोन हात झाले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही चक्क पोपटी खोलीत उभे होतो. रात्री ट्यूब लावली तेव्हा आईचा चेहराच आजारी दिसायला लागला.

दुकानदाराने कोड बरोबरच वाचला होता. झाकणाला लावलेला थेंब कार्डाशी तंतोतंत जुळत होता. मग हिरवा वाढला कुठून?

पहिलं कारण भिंतींचंच. खिडकीतून आलेला उजेड एका भिंतीवर पडून समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा इकडे. दर फेरीला भिंत त्यातला तांबडा आणि निळा भाग थोडा थोडा शोषून घेते आणि हिरवा परत पाठवते. चार भिंतींच्या मध्ये रंग असा स्वतःलाच गडद करत जातो. कार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनाला समोर दुसरी भिंतच नसते. हे सगळ्याच रंगांचं होतं, पण क्रीम थोडा वाढला तर कुणाला कळतही नाही. हिरवा वाढला की लगेच डोळ्यांवर येतो.

दुसरं कारण पायाखाली होतं. आमच्या जुन्या घरात लाल कोबा आहे, आईने वर्षानुवर्षं पुसून तुकतुकीत ठेवलेला. लालाशेजारी हिरवा अधिक हिरवा दिसतो. यामागची गोष्ट मला फार आवडते. १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्याचा रंगाई विभाग शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. त्याने तिथली काळी लोकर दुसरीकडच्या लोकरीशी ताडून पाहिली, तर ती कुठेच कमी नव्हती. दोष होता काळ्याला लागून विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो, हे त्याने पुढे १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. म्हणून हिरवा निवडताना आधी खाली बघावं. लाल कोबा, तांबूस सागवानी कपाट, विटकरी पडदे असतील तर कार्डावर जवळजवळ राखाडी वाटणारा हिरवासुद्धा भिंतीवर पुरेसा हिरवा दिसतो. कोटा फरशी मुळातच हिरवट-करडी असते. तिच्यावर तोच रंग मलूल पडेल, तिथे थोडा जिवंत घ्यावा लागतो.

तिसरं कारण ट्यूब. आपल्याकडे घरोघरी लागणारी पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असते. तिच्या उजेडात निळा जास्त, त्यामुळे हिरवा थंड पडतो आणि ‘दवाखान्यासारखं दिसतंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्या वाक्याला इतिहास आहे. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या हिरव्या रंगात रंगवून घेतली. पांढऱ्या भिंतींची तिरीप डोळ्यांना त्रास देत होती, आणि रक्ताच्या लालाला विरुद्ध असा हिरवाच नजरेला विसावा देत होता. पुढे हिरवा रुग्णालयांतून रुळला. घरात तो भास नको असेल तर निळसर हिरवा टाळा, किंचित पिवळ्याकडे झुकणारा घ्या आणि ट्यूब ४००० केल्विनची लावा. पिवळा दिवा मात्र २७०० चा असला तर हाच रंग शेवाळी होतो, तेही ध्यानात असू द्या.

मग सौम्य हिरवा ओळखायचा कसा? पेरूचं पान तोडून बघा. वरची बाजू गर्द, चकचकीत. मागची फिकट, किंचित राखाडी, उजेड गिळणारी. शेड कार्डावर मी आता मागची बाजू शोधते. नुसता पांढरा वाढवून हिरवा सौम्य होत नाही, तो फक्त फिका होतो, आणि चार भिंतींत पुन्हा पोपटी निघतो. त्यात काळ्याचा किंवा तांबड्याचा अंश असावा लागतो. दुकानात मशीनवर मिश्रण दिसतं. हिरव्या-पिवळ्यासोबत त्यात काळा किंवा रेड ऑक्साइड आहे का, एवढं विचारा. दुधी या परीक्षेत नापास होतो. भिंतीसाठी तो फार ताजा आहे.

भिंतीवरच पट्टा मारून बघू नका. भोवतीचा जुना रंग नजर फसवतो. दोन बाय तीन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, प्रायमर लावा, सर्वांत लहान डबा मिसळून आणून दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. आमचे पेंटरकाका सांगतात, ‘ताई, ओल्या रंगावर मत देऊ नका,’ ते अगदी खरं. इमल्शन वाळल्यावर साधारण थोडं गडद होतं. मग बोर्ड खिडकीशेजारच्या भिंतीला आणि नंतर समोरच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा. पश्चिमेची खोली असेल तर चारनंतरचं ऊन चुकवू नका. फिनिश मॅटच घ्या. चकाकीवर दिव्याची रेघ उमटते आणि सौम्यपणा तिथेच जातो.

आईची खोली त्याच वर्षी दिवाळीआधी पुन्हा रंगवली. या वेळी बोर्ड तीन दिवस तिच्या पलंगासमोर होता. पहिला तिने नाकारला, दुसरा ठेवून घेतला. तो बोर्ड अजून कपाटामागे उभा आहे. मागे खडूने कोड, कंपनी आणि तारीख लिहिली आहे, आणि शेजारी अर्धा लिटर उरलेला डबा, झाकण घट्ट ठोकलेला. पावसाळ्यात खिडकीखाली ओल येऊन पोपडे निघतात, तेवढ्या जागेला तो लागतो.

पुढच्या आठवड्यात छताकडे वळू.