मर्यादित हमी, अमर्याद खर्च

बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल महाराष्ट्रातील वाचकाने पाहिलीच असेल, तर बहुधा गुलमर्गच्या सहलीत. घटकाभराच्या फेरीसाठी मोजावे लागणारे पैसे त्याला भारी वाटतात. त्या भाड्यात इंधनाबरोबर यंत्राची झीज आणि दुरुस्तीही धरलेली असते, हे त्याच्या ध्यानी येण्याचे कारण नसते. मात्र कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, अलास्का आणि उत्तर युरोप येथे हे वाहन घरोघरी आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च हा तेथील मालकांच्या नित्य तक्रारीचा विषय आहे. दहा ते वीस हजार डॉलर मोजून घेतलेले यंत्र पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडते. मालक हमीपत्र घेऊन विक्रेत्याकडे जातो. आणि आपल्या यंत्रातला नेमका बिघडलेला भाग, किंवा तो बिघडण्याचे नेमके कारण, हमीत बसत नाही असे त्याला सांगितले जाते. ही तक्रार एका थंड प्रदेशातील छंदिष्टांची म्हणून सोडून देता येत नाही. हमी म्हणजे काय, ती कोणाचा धोका कोणावर टाकते आणि यंत्राच्या मालकाला ते दुरुस्त करण्याचा कितपत अधिकार असावा, हे व्यापक प्रश्न तिच्यामागे आहेत.

या यंत्राचा जन्म चैनीतून झाला नव्हता. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर या गावी जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या कारागिराचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्दिए आधीपासूनच करीत होता. १९३७ मध्ये त्याला आपल्या पट्टा-चक्र रचनेचे एकस्व मिळाले, आणि १९५९ मध्ये त्याने 'स्की-डू' हे एकट्या-दुकट्याने चालवायचे हलके वाहन बाजारात आणले. मिनेसोटा राज्यात पोलारिस आणि आर्क्टिक कॅट हे कारखाने त्याच सुमारास उभे राहिले. १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेतील विक्री पाच लाखांच्या जवळ पोहोचली होती आणि उत्पादकांची संख्या शंभराच्या वर गेली होती. पुढे १९७३ चे तेलसंकट, मंदी आणि बर्फाचे उणे हिवाळे यांनी हा फुगा फोडला. बहुतेक कारखाने बंद पडले, आणि त्यांच्या हमीपत्रांना रद्दीची किंमत आली. २०२३ मध्ये यामाहा कंपनीनेही या व्यवसायातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याचे जाहीर केले. सुटे भाग आणि सेवा पुढेही पुरविण्याचे आश्वासन तिने दिले. परंतु शंभरांवरून बोटांवर मोजण्याइतक्या उत्पादकांवर आलेल्या बाजारपेठेत ग्राहकाची निवड किती आकुंचित होते, हे यावरून दिसते.

या यंत्राने समाजजीवन कसे बदलले याचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी उत्तर फिनलंडमधील स्कोल्ट सामी लोकांमध्ये केला आणि तो १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रेनडिअरचे कळप राखणारे हे लोक त्याआधी रेनडिअर जुंपलेल्या घसरगाडीवर अवलंबून होते. रेनडिअरला खाद्य रानात मिळत असे. यंत्राला पेट्रोल, तेल आणि सुटे भाग लागतात, आणि ते रोख पैशानेच मिळतात. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी यंत्र लवकर घेतले आणि ते पुढे गेले. इतरांना पशुपालन सोडावे लागले. येथे दुरुस्तीचा खर्च हा घरखर्चाच्या वहीतील किरकोळ बाब राहत नाही. कोण या व्यवसायात टिकेल आणि कोण बाहेर फेकला जाईल हे तो ठरवितो. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील, हिवाळ्यात केवळ विमानानेच मालाची ने-आण होऊ शकणाऱ्या वस्त्यांत तर अधिकृत विक्रेत्याकडे यंत्र घेऊन येण्याची हमीपत्रातील अट वाचणाऱ्याला ती आपल्यासाठी लिहिलेली नाही, असेच वाटावे.

खर्च इतका का?

स्नोमोबाइल हे मुळातच हाल सोसणारे यंत्र आहे. हलके वजन आणि भरपूर ताकद हवी म्हणून यात बहुधा दोन-आघाती इंजिन असते. इंधनात मिसळणाऱ्या तेलानेच त्याचे वंगण होते. तेल कमी पडले, इंधनाचे मिश्रण पातळ झाले किंवा गार इंजिन एकदम ताणले गेले, तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन नव्याने बांधावे लागते. इंजिनची ताकद पुढे पट्ट्याकडे नेणारा रबरी बेल्ट तापून तुटतो. त्याची किंमत दीड-दोनशे डॉलरच्या घरात असते. मेकॅनिकची मजुरी ताशी शंभर डॉलरच्या वर जाते. खडक, बुंधे आणि बर्फाखाली दडलेले दगड यांचे आघात निराळेच.

आता हमीपत्राकडे पाहावे. सर्वसाधारण हमी एक वर्षाची आणि 'मर्यादित' असते. बेल्ट, स्पार्क प्लग, स्कीखालील धारेच्या पट्ट्या अशा झिजणाऱ्या भागांना ती लागू नसते. शर्यतीत वापरलेल्या अथवा यंत्ररचनेत फेरफार केलेल्या वाहनाला ती मिळत नाही. व्यवसायासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी वापरलेल्या यंत्राची मुदत पुष्कळदा याहून तोकडी असते. यंत्र विक्रेत्यापर्यंत वाहून नेण्याचा खर्च मालकाचा. यंत्र बंद असताना झालेली गैरसोय वा बुडालेले उत्पन्न यांची भरपाई नाही.

या अटींपैकी प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर वाजवी वाटू शकते. एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतील दोन गफलती उघड होतात. पहिली अशी की, हमी नाकारताना बिघाडाच्या कारणाऐवजी भागाच्या नावाकडे पाहिले जाते. बेल्ट झिजून तुटला तर तो मालकाचा खर्च, हे मान्य. पण कारखान्यात क्लचची दोन चाके एका रेषेत बसविली गेली नसल्यामुळे बेल्ट वारंवार तुटत असेल, तर तो दोष कोणाचा? मालकाने तीन बेल्ट बदलून झाल्यावर कोणी तरी क्लचकडे लक्ष देतो, आणि तोवर मुदत संपलेली असते.

दुसरी गफलत कालगणनेची. बारा महिन्यांच्या हमीत बर्फाचे महिने तीन-चारच येतात. जानेवारीत यंत्र बिघडले आणि सुटा भाग येण्यास सहा आठवडे लागले, तर हमी शाबूत राहते आणि हंगाम निघून जातो. हे उत्पादकांना ठाऊक नाही असे नाही. वसंतातच पुढील वर्षाच्या यंत्राची आगाऊ नोंदणी करणाऱ्यास वॉरंटीची वाढीव मुदत देण्याची प्रथा या धंद्यात रूढ आहे. म्हणजे मुदत वाढविणे अशक्य नाही. मात्र ती हक्क म्हणून न मिळता विक्रीचे आमिष म्हणून मिळते.

अर्थशास्त्र काय सांगते?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करून दाखविले की, मालाच्या गुणवत्तेची माहिती विक्रेत्याला असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. याच प्रकारच्या संशोधनासाठी २००१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. हमी हा या दुखण्यावरचा एक उपाय आहे. आपल्या मालावर विश्वास असलेला उत्पादकच दीर्घ हमी देऊ शकतो, म्हणून हमी ही गुणवत्तेची खूण ठरते. परंतु खूण वाचता आली तरच उपयोगी पडते. बारीक अक्षरातील अपवाद वाढत गेले, म्हणजे सगळ्यांची हमी वरून सारखीच दिसू लागते आणि खुणेचे मूल्य नाहीसे होते.

उत्पादकांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. जॉर्ज प्रीस्ट या विधिज्ञाने १९८१ मध्ये मांडले की, हमीपत्र म्हणजे उत्पादक आणि ग्राहक यांच्यात यंत्र जपण्याच्या जबाबदारीची वाटणी होय. जो दोष उत्पादक स्वस्तात टाळू शकतो तो त्याने घ्यावा. जी झीज मालकाच्या हाताळणीवर अवलंबून आहे ती मालकाने सोसावी. अन्यथा काळजीपूर्वक वापरणाऱ्याला बेदरकारपणे वापरणाऱ्याचा भुर्दंड वाढीव किमतीच्या रूपाने भरावा लागेल. हा युक्तिवाद खरा आहे. सगळ्या गोष्टींना लागू असणारी, अनंत काळची हमी फुकट मिळत नाही. तिची किंमत यंत्राच्या किमतीत चढते.

तथापि हाच युक्तिवाद शेवटापर्यंत नेला तर तो उत्पादकांवर उलटतो. झीज आणि देखभाल ही मालकाची जबाबदारी असेल, तर ती पार पाडण्याची साधनेही मालकाच्या हाती असली पाहिजेत. दुरुस्तीची पुस्तिका, दोष शोधणारी उपकरणे आणि सुटे भाग केवळ अधिकृत विक्रेत्याकडे ठेवायचे, आणि खर्च मात्र मालकाच्या खात्यावर मांडायचा, ही जबाबदारीची वाटणी नव्हे. धोका एकाचा आणि त्यावरचे नियंत्रण दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था आहे.

कायद्याची वाटचाल

अमेरिकेने १९७५ मध्ये मॅग्नुसन-मॉस हमी कायदा केला. हमी द्यावीच, असे बंधन तो घालीत नाही. पण लेखी हमी दिल्यास ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित', हे स्पष्ट लिहिणे तो भाग पाडतो. पूर्ण हमीत वाजवी मुदतीत विनामूल्य दुरुस्ती, आणि वारंवार प्रयत्न करूनही दोष न गेल्यास बदली वस्तू किंवा पैसे परत, अशा अटी आहेत. परिणाम असा झाला की बहुतेकांनी 'मर्यादित' हा शब्द पत्करला आणि ते मोकळे झाले. त्याच कायद्यात आणखी एक महत्त्वाचे कलम आहे. आमच्याच नावाचे सुटे भाग वापरले नाहीत तर हमी रद्द, अशी अट सामान्यतः घालता येत नाही. प्रत्यक्षात अशी भीती ग्राहकाला घातली जातच राहिली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या अहवालात म्हटले की, दुरुस्तीवरील निर्बंधांसाठी उत्पादक देत असलेल्या कारणांना फारसा पुरावा आढळत नाही. २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसह काही कंपन्यांच्या हमीपत्रांतील अशा अटींवर त्याने कारवाई केली. कायदा होऊन ४७ वर्षे लोटल्यावर!

याहून निराळा मार्ग बोंबार्दिएच्या क्वेबेक प्रांताने धरला. तेथील १९७८ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तू तिची किंमत आणि वापराची परिस्थिती पाहता वाजवी काळ टिकली पाहिजे. उत्पादकाचे हमीपत्र काहीही म्हणो, ही वैधानिक हमी त्याच्या पलीकडे उभी असते. महागड्या यंत्राकडून स्वस्त यंत्रापेक्षा अधिक टिकाऊपणाची अपेक्षा ठेवण्याचा हक्क ग्राहकाला त्यातून मिळतो. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय वाजवी काळ मिळावी असेही त्या कायद्यात होते, पण आधी लेखी सूचना देऊन त्यातून निसटण्याची वाटही होती. २०२३ मध्ये क्वेबेकने नवा कायदा करून मुद्दाम अल्पायुषी वस्तू बनविण्यास मनाई केली आणि दुरुस्तीविषयीची बंधने अधिक कडक केली.

आपल्याकडे काय?

स्नोमोबाइल महाराष्ट्रात चालत नाही, पण हंगामी यंत्रे चालतात. मळणीयंत्र वर्षातील मोजके आठवडे कामाला येते. ट्रॅक्टरची खरी ओढाताण पेरणी-नांगरटीच्या दिवसांत असते. ट्रॅक्टरची हमी बहुधा अमुक वर्षे किंवा अमुक तास, 'यांपैकी जे आधी संपेल तोवर', अशा शब्दांत असते. कमी वापर होणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या बाबतीत आधी संपतात ती वर्षेच. पेरणीच्या तोंडावर बंद पडलेल्या ट्रॅक्टरचे नुकसान हमीपत्रात नाही. ते शेतकऱ्याच्या उत्पन्नात आहे.

भारतीय कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १९८६ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी यांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या संरक्षणाबाहेर असली, तरी केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहकच मानला जातो, हे विशेष. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली, पण मूळ मुद्दा ठामपणे मांडला गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारेही होती.

पुढची पावले सांगण्यास अवघड नाहीत. हंगामी यंत्राची हमी दिनदर्शिकेऐवजी वापराच्या तासांनी किंवा हंगामांनी मोजावी. अपवाद भागाच्या नावावरून न ठरविता बिघाडाच्या कारणावरून ठरवावेत, आणि कारण सिद्ध करण्याचा भार यंत्राची अंतर्गत माहिती ज्याच्यापाशी आहे त्या उत्पादकावर असावा. हमीच्या काळात यंत्र जितके दिवस दुरुस्तीसाठी पडून राहील, तितके दिवस मुदत पुढे जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका व सुटे भाग तालुक्याच्या गावातील मेस्त्रीलाही वाजवी दराने मिळावेत. यामुळे यंत्राची किंमत थोडी चढेल, असे कोणी म्हणेल. चढेलही. पण ती खरेदीच्या वेळी, डोळ्यांसमोर दिसणारी किंमत असेल. आज तीच किंमत हंगामाच्या मध्यावर, दुसरा इलाज नसलेल्या माणसाकडून वसूल केली जाते.