लॅपटॉपच्या खोक्यावरचे आकडे काय सांगतात?

• प्रोसेसर : आय३, आय५ ही श्रेणी, पुढच्या आकड्यात पिढी. उदा. आय५-१२३५यू म्हणजे १२वी पिढी.

• रॅम : विंडोज ११ची किमान अट ४ जीबी, नव्या मॉडेलांत ८ किंवा १६ जीबी सर्रास. मदरबोर्डवर सोल्डर केलेली रॅम नंतर बदलता येत नाही.

• साठवण : हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, एसएसडीत नसते, त्यामुळे एसएसडी जलद. ईएमएमसी स्वस्त, पण एसएसडीहून संथ. छापील ५१२ जीबी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते.

• स्क्रीन : माप कर्णाचे. १५.६ इंच म्हणजे ३९.६ सेंमी. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल.

• बॅटरी : क्षमता वॉट-अवरमध्ये. त्याच लॅपटॉपवर जड कामाला बॅटरी लवकर उतरते.

• ‘डॉस’ मॉडेल : विंडोजविना विक्री. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. लिनक्स उबुंटू मोफत.

• सेकंडहँड घेताना : विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लॅपटॉपमध्ये आवश्यक.

• कर : जीएसटी १८ टक्के, एमआरपीत धरलेला.