जात्यापाशी हलके होणारे मन

मनाचा तोल राखण्यासाठी वेगळा वेळ काढावा, असा सल्ला देणे सोपे. पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीने तो काढावा कोठून? महाराष्ट्राच्या खेड्यांत या प्रश्नाचे उत्तर एके काळी जात्यापाशी मिळत असे. दळण तर करायचेच असे. त्याच वेळात सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकरांची काळजी ओवीतून बाहेर पडे. जात्याच्या लयीने श्वासालाही लय येई, आणि समोर खुंट्याला हात लावणारी जोडीदारीण ते सारे ऐकत असे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या अशा ओव्या १ लाखाहून अधिक आहेत. या मोकळीकीची गरज किती मोठी होती, हे यावरून ध्यानी यावे.

विजेची गिरणी आली, कष्ट वाचले, हे योग्यच झाले. (जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी पायलीभर ज्वारी दळून पाहावी!) मात्र त्याबरोबर बोलण्याची जागाही गेली. ती बचत गटात पुन्हा निर्माण करता येईल. हिशेब आटोपल्यावर पंधरा मिनिटे केवळ सुखदुःख बोलण्यासाठी राखावीत; ऐकणारीने उपदेश करू नये. निजताना श्वास सावकाश, घेतल्यापेक्षा अधिक वेळ लावून सोडावा. त्याने हृदयाची गती मंदावते. यास खर्च नाही.

झोप व भूक दोन आठवडे हरपलेली राहिली, तर एवढ्यावर विसंबू नये. जगणे नकोसे वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास ठरावाचीही आवश्यकता नाही.