पत्ताच नाही, तर पत्ता मागायचा कसा?

ऑफिसातला प्रिंटर पाहिलाय ना? कोपऱ्यात ऐसपैस बसलेला, झेरॉक्स काढणारा, स्कॅनही करणारा. सगळे आपापल्या खुर्चीतून त्याला कामं सांगतात आणि तो मुकाट्याने कागद बाहेर टाकतो. त्याच नेटवर्कमध्ये कॉम्प्युटर असतात, मोबाईल असतात, एखादा कॅमेराही असतो. तरी छापायला धाडलेलं बिल प्रिंटरकडेच जातं, कॅमेऱ्याकडे नाही. कारण तिथल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, आयपी ॲड्रेस.

तो असा दिसतो: १९२.१६८.१.५०. चार आकडे आणि मध्ये टिंबं. यातला एकही आकडा २५५च्या पुढे जात नाही. एकेका आकड्यासाठी आठच घरं राखून ठेवलेली असतात आणि घरात भरायचं ते फक्त ० किंवा १. आठ वेळा दोन लिहून गुणाकार करा बरं. २५६ आले? शून्यापासून मोजलं की शेवटचा २५५.

असे एकूण ४२९ कोटींहून जास्त पत्ते होतात. १९८१ साली हा नियम लिहिला गेला, तेव्हा चंगळच वाटली असणार! पण २०११च्या फेब्रुवारीत जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. तरी आपलं अडत नाही, कारण काही पत्ते खासगी वापरासाठी मोकळे सोडलेत. १९२.१६८ने सुरू होणारे सगळे त्यातलेच. तुमच्या वर्गात हजेरी क्रमांक १२ असतो आणि शेजारच्या वर्गातही असतो, तसंच हे. १९२.१६८.१.५० नाशिकच्या ऑफिसात असेल आणि टोकियोतल्या घरातही. बाहेरच्या जगाशी बोलायची वेळ आली की राउटर, म्हणजे आपलं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी पेटी, आपला स्वतःचा पत्ता पुढे करतो.

आता खरी गंमत. नवाकोरा प्रिंटर खोक्यातून काढला, वायर जोडली, बटण दाबलं. त्याला पत्ता नाही. पत्ते कोण वाटतं तेही ठाऊक नाही. मग विचारणार कुणाला, आणि उत्तर येणार कुठे?

तो चक्क ओरडतो! पाठवणाऱ्याच्या जागी लिहितो ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘इथल्या सगळ्यांना’. “मला पत्ता हवाय!” बाकीचे कानाडोळा करतात. पत्ते वाटायचं काम असतं बहुतेक वेळा राउटरकडे. तो म्हणतो, “५० रिकामा आहे, चालेल?” प्रिंटर म्हणतो, “चालेल, तोच द्या.” “दिला, पण चोवीस तासांसाठी हं!” झालं, चार वाक्यांत काम फत्ते. उत्तर नेमकं त्यालाच मिळतं, कारण ओरडताना त्याने कारखान्यातून मिळालेला आपला मॅक ॲड्रेसही सांगितलेला असतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी.

चोवीस तास हे आपलं उदाहरण. कुठे मुदत कमी असते, कुठे जास्त. निम्मी मुदत सरली की प्रिंटर ती वाढवून घेतो. पण समजा, दिवाळीच्या सुट्टीत तो बंद राहिला. मुदत संपली आणि ५० नंबर कुणाच्या तरी मोबाईलला गेला. सुट्टीनंतर प्रिंटरला मिळाला ५७. इकडे कॉम्प्युटरच्या डोक्यात अजून ५०च! तो बिल पाठवतोय मोबाईलला, आणि मोबाईल कशाला दाद देतोय? पडद्यावर येतं, ‘प्रिंटर ऑफलाइन’. शाई आहे, कागद आहे, काहीही बिघडलेलं नाही आणि सगळे प्रिंटरला थापट्या मारतायत.

म्हणून प्रिंटरचा पत्ता कायमचा असलेला बरा. त्याच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कच्या मेनूत जाऊन बाणाच्या बटणांनी एकेक आकडा भरता येतो. सोबत सबनेट मास्क विचारतात: २५५.२५५.२५५.०. याचा अर्थ, पहिले तीन आकडे जुळले तर यंत्र आपल्याच नेटवर्कमधलं. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार. तिथे राउटरचा पत्ता. पण मला ही हाताने भरायची पद्धत फारशी आवडत नाही. राउटरला न विचारता ५० घेतला आणि त्यानेही तोच दुसऱ्या कुणाला दिला, की एका पत्त्यावर दोन यंत्रं! त्यापेक्षा राउटरलाच सांगावं, ‘या मॅक ॲड्रेसवाल्याला नेहमी ५०च दे.’ नोंद एकाच ठिकाणी राहते.

मोठ्यांना विचारून एक करून बघा. प्रिंटरचा आयपी ॲड्रेस त्याच नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाइप करा. बऱ्याच प्रिंटरच्या पोटात एक छोटीशी वेबसाइट दडलेली असते! किती शाई उरली, कागद संपलाय का, सगळं तिथे दिसतं. आणि पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर ओळखा की हा बिचारा ओरडून ओरडून थकला, कुणी उत्तर दिलं नाही, शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. अशा वेळी आधी मागची वायर नीट बसलीय का ते बघायचं.