‘ओव्हररीच’ म्हणजे नेमके काय ओलांडले?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ला राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि राज्यपालांना विधेयकांसाठी कालमर्यादा घालून देणाऱ्या एप्रिलमधील निकालातला जोर निघून गेला. निकालावरचा वाद एप्रिलपासून एका इंग्रजी शब्दाभोवती फिरतो आहे : ‘ओव्हररीच’. मराठीत आपण त्याच्या जागी सर्रास ‘अतिक्रमण’ लिहितो, आणि तिथेच वादाची दिशा चुकते. अतिक्रमण म्हटले की प्रश्न उरतो तो जागेचा : बांध कुठे होता, तो कोणी सरकवला, कोण कोणाच्या हद्दीत शिरले. ‘ओव्हररीच’मध्ये जागा नाही, हात आहे. तो जिथवर पुरतो त्याच्या पलीकडे ताणला की ओव्हररीच. म्हणजे पहिला शब्द मालकी विचारतो आणि दुसरा आवाका. न्यायालयांच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी भाषेत या शब्दाचा संसार बराच मोठा आहे. घोड्यांची निगा राखणारे हा शब्द एका दुखापतीसाठी वापरतात : वेगात धावताना मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या टाचेवर बसतो आणि घोडा स्वतःलाच जखमी करतो. इंग्लंडच्या १९२५च्या मालमत्ता कायद्यात तर या शब्दाला दोषाचा वासही नाही. विश्वस्त मालमत्ता विकतात तेव्हा लाभार्थींचा हक्क जमिनीवरून उठून विक्रीच्या पैशावर जातो, त्या रीतसर प्रक्रियेचे ते नाव आहे. पण या शब्दाचा खरा चेहरा नाटकात दिसतो. फिलिप मॅसिंजरच्या, १६३३ साली छापल्या गेलेल्या नाटकात सर जाइल्स ओव्हररीच नावाचा खलनायक आहे. शेजाऱ्यांच्या जमिनी गिळणारा, मुलीच्या लग्नातून सरदारकी मिळवू पाहणारा हा माणूस शेवटी स्वतःच्याच डावात फसतो आणि वेडा होतो. त्याच्यामागे सर जाइल्स मॉम्पेसन हा खरा माणूस असल्याचे अभ्यासक मानतात. खाणावळींना परवाने देण्याची मक्तेदारी त्याने राजाकडून मिळवली होती. अधिकार कागदोपत्री वैध होता, पण त्याचा वापर इतका जुलमी झाला की १६२१मध्ये पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग चालवला आणि तो देश सोडून पळाला. मॉम्पेसन कोणाच्या हद्दीत शिरला नव्हता. हाती असलेला अधिकार त्याने तुटेपर्यंत ताणला, आणि बुडाला तो स्वतः. घोड्याच्या दुखापतीतही तेच आहे : इजा होते ती ताणणाऱ्याला.

हा निकष आपल्याकडे लावून पाहावा. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. हेतू उत्तम होता, रस्त्यावरचे मृत्यू रोखण्याचा. पण मार्चअखेरीस लहान वस्त्यांसाठी २२० मीटरची सवलत द्यावी लागली. चंडीगडने शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलला आणि जुलै २०१७मध्ये न्यायालयाने त्यात गैर काही नसल्याचे सांगितले. केरळात एका बारने दारापर्यंतची वाट नागमोडी करून अंतर भरून काढले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा नोव्हेंबर २०१६चा आदेश तर जानेवारी २०१८मध्ये न्यायालयानेच ऐच्छिक केला. या दोन्ही ठिकाणी संसदेपेक्षा न्यायालयाच्या शब्दाचे वजन अधिक घटले. याउलट १९९७चा विशाखा निकाल घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध न्यायालयाने चक्क नियमावली लिहिली. हद्दीच्या हिशेबाने ते कायदेमंडळाचे काम होते, म्हणजे उघड अतिक्रमण. तरीही ती नियमावली २०१३चा कायदा येईपर्यंत आधार ठरली आणि त्या कायद्याचा पायाही झाली. हात लांब होता, पण पुरला.

कोणी म्हणेल, ही यशाची पूजा झाली. आदेश चालला की योग्य, फसला की अयोग्य. आक्षेप वजनदार आहे, कारण हुकूमशहाचे आदेशही चालतात. पण न्यायालयाजवळ ना पोलीस आहेत ना तिजोरी. त्याचा शब्द चालतो तो मागची कारणे पटतात म्हणून, आणि म्हणूनच त्याचा आवाका हा नैतिक प्रश्नही असतो. एप्रिलच्या निकालात दोन वेगळ्या गोष्टी होत्या : कालमर्यादा, आणि तमिळनाडूच्या दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे गृहीत धरणे. दुसऱ्या गोष्टीत न्यायालयाने राज्यपालांच्या सहीची जागा घेतली, आणि हा हात अवाजवी लांबला हे घटनापीठाचे म्हणणे मला पटते. पहिली मात्र वेगळी आहे. शिवसेनेच्या अपात्रता याचिकांवर महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षांना याच न्यायालयाने आधी ३१ डिसेंबर २०२३ आणि मग १० जानेवारी २०२४ ही तारीख दिली होती. निर्णय १० जानेवारीलाच आला. निर्णय कोणता घ्यायचा हे न्यायालयाने सांगितले नाही, फक्त घ्या म्हटले.

अध्यक्ष तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतात, राज्यपाल तसे बसत नाहीत, हा फरक खरा. शिवाय संविधानाच्या मसुद्यात विधेयक परत पाठवण्यासाठी असलेली सहा आठवड्यांची मुदत काढून ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द घातले गेले, तेव्हा आकडा जाणूनबुजून वगळला, असाही युक्तिवाद होतो. पण सहा आठवड्यांच्या जागी आलेल्या या शब्दांचा अर्थ सहा महिने किंवा दोन वर्षे कसा होईल? घाईची अपेक्षा घटनाकारांचीच आहे. न्यायालयाने तिला फक्त मोजमाप दिले होते. घटनापीठानेही दार पूर्ण बंद केलेले नाही : विलंब दीर्घ आणि कारणाविना असेल, तर वाजवी वेळेत निर्णय घ्या एवढे न्यायालय राज्यपालांना सांगू शकेल. म्हणजे पुढचे एखादे राज्य अडलेले विधेयक घेऊन दिल्लीत पोचले, की किती महिन्यांना ‘दीर्घ’ म्हणायचे याचा आकडा त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावा लागेल.