१६० चौरस फुटांतला पसारा

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली साधारण १६० चौरस फुटांची असून, एवढ्याच जागेत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि पाहुणचार उरकावा लागत असल्याने तेथील पसारा हा मुळात जागेच्या हिशेबाचा प्रश्न ठरतो. त्यावरचा जुना तोडगा म्हणजे पोटमाळा, अर्थात खोलीच्या उंचीचा फायदा घेऊन छताखाली फळ्या ठोकून केलेला अर्धा मजला. मात्र शिडी लावल्याशिवाय हाती न येणारी वस्तू हळूहळू विस्मरणात जाते आणि लग्नातली पितळी भांडी, मोडका टेबलफॅन, जुन्या वह्या, गाद्यांच्या वळकट्या असे थर एकावर एक साचतात. पावसाळ्यातील दमट हवेत त्यांतील कापडाला बुरशी व कागदाला कसर लागते, म्हणजे जपून ठेवलेले जपलेही जात नाही.

त्यामुळे आवराआवर माळ्यापासून, तीही पावसाळ्यापूर्वी, सुरू करणे श्रेयस्कर. वस्तूची किंमत काहीही असो, ती किती वेळा लागते यावरून तिची जागा ठरवावी. रोजची हाताच्या उंचीवर, सणासुदीची पलंगाखालच्या ट्रंकेत आणि वर्षभरात एकदाही न लागलेली घराबाहेर. आधीच नवे डबे व कपाटे विकत घेण्याचा सर्रास दिसणारा प्रकार पसारा केवळ झाकतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आता क्वचितच दिसते, आणि तिने दिलेले पातेलेही अखेर फळीवरची जागा अडवतच असे. रद्दीवाला आणि भंगारवाला मात्र रोकड देतात व जागाही मोकळी करतात.